तबल्यावरचा हात, टाक्यावरचा हात: संगीत शिकलेल्यांना शस्त्रक्रिया शिकणं सोपं जातं का?

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात हा विषय दोन बाजूंनी निघतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डात एमबीबीएसची मुलं काढतात आणि संध्याकाळी संगीत वर्गाबाहेर मुलांची वाट बघत उभे असलेले पालक काढतात. मी शस्त्रक्रिया शिकवतो आणि रोज पेटीला बसतो, त्यामुळे दोन्हीकडचे प्रश्न माझ्यापर्यंत येतात. जे पुन्हा पुन्हा आले त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

तबला किंवा पेटी शिकलेलं मूल पुढे चांगलं सर्जन होतं, हे खरं आहे का?

इतकं सरळ नाही. वाद्य येतं म्हणून टाके आपोआप चांगले पडतील, असं मी कुणालाही सांगत नाही. पण ज्याने काही वर्षं गुरूसमोर बसून मन लावून रियाज केला आहे, त्याला हाताचं नवं काम कसं शिकायचं हे आधीच ठाऊक असतं. कुठे हळू व्हायचं, चुकलेला तुकडा वेगळा काढून कसा घोटायचा, कुणी टोकलं तर मनाला न लावता पुन्हा कसं करायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. टाका घालायला शिकताना नेमकं हेच लागतं.

संशोधन काय सांगतं?

वाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत फरक दिसतो, हे बऱ्यापैकी पक्कं आहे. १९९५ मध्ये तंतुवाद्य वाजवणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात डाव्या हाताच्या बोटांसाठी मेंदूत राखलेली जागा इतरांपेक्षा मोठी आढळली. जितक्या लहान वयात सुरुवात, तितका फरक जास्त. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात सात वर्षांच्या आत वाद्य धरलेल्या वादकांमध्ये मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या पट्ट्याचा पुढचा भाग मोठा दिसला. २००९ मध्ये लहान मुलांना पंधरा महिने वाद्य शिकवून आधी आणि नंतर तपासणी झाली, तेव्हाही बदल दिसले.

इथून ऑपरेशन टेबलापर्यंतची वाट मात्र अजून नीट बांधलेली नाही. वाद्य वाजवणाऱ्या आणि न वाजवणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना लॅप्रोस्कोपीच्या, म्हणजे छोट्या छिद्रांतून पडद्यावर बघत करायच्या शस्त्रक्रियेच्या, सरावपेटीवर कामं देऊन तुलना झाली आहे. हे अभ्यास छोटे आहेत. काहींत वादक पुढे निघाले, काहींत फारसा फरक दिसला नाही. शिवाय अशा तुलनेत एक अडचण कायम राहते. ज्यांची बोटं मुळातच चपळ आहेत आणि ज्यांना तासभर एका जागी बसवतं, अशीच मुलं वाद्यात टिकतात. तीच पुढे टाक्यांतही पुढे गेली, तर श्रेय तबल्याला द्यायचं की स्वभावाला?

‘संगीताने बुद्धी वाढते’ अशी जाहिरात वाचून क्लास लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मुलांवरच्या ५४ अभ्यासांची एकत्र छाननी २०२० मध्ये झाली. अभ्यासाची रचना जितकी काटेकोर, तितका गणितावर, वाचनावर किंवा बुद्धीवर दिसणारा परिणाम कमी होत गेला. एका कामातलं कौशल्य दूरच्या कामात सहज उतरत नाही. उतरलंच तर जवळच्या कामात उतरतं. म्हणून माझा भर हाताच्या कामावर आणि ते शिकण्याच्या सवयीवर आहे.

हाताला नेमका कशाचा उपयोग होतो?

सगळ्यात आधी डाव्या हाताचा. नव्या विद्यार्थ्याला नीडल होल्डर, म्हणजे सुई धरायचं उपकरण, दिलं की त्याचं सगळं लक्ष उजव्या हाताकडे जातं. डाव्या हातातला चिमटा एकतर हवेत राहतो, नाहीतर कातडी चिरडून टाकतो. खरं तर डावा हातच कडा उचलतो, सुईला वाट करून देतो आणि बाहेर आलेलं टोक धरतो. दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळी कामं करायची, आणि दोन्ही मिळून एकच काम पुरं करायचं.

पेटी वाजवणारा हे पहिल्या दिवसापासून करत असतो. उजवा हात सुरांवर, डावा भात्यावर. भाता धक्क्याने मारला तर सूर फाटतो, विसरला तर विरतो. तबला-डग्ग्यात तर हे आणखी स्पष्ट आहे. उजवीकडे बोटांची टोकं, डावीकडे मनगटाचा दाब. डग्ग्यावर मनगट किती रेटायचं आणि कुठे सोडायचं, त्यावर घुमारा ठरतो. दाबाचं हे मोजमाप सांगून शिकवता येत नाही, ते हाताला कळावं लागतं. आतड्याला चिमटा लावतानाही असंच असतं. जोर कमी पडला तर निसटतं, जास्त झाला तर इजा होते.

लॅप्रोस्कोपीत अजून एक पेच असतो. पोटाच्या भिंतीतल्या छिद्रातून लांब उपकरण आत जातं, त्यामुळे हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं. नजर पडद्यावर आणि खोली मात्र सपाट दिसते. हात बघायचे नाहीत, परिणाम बघायचा. पेटीवाल्याची बोटं न बघता पट्ट्या शोधतात आणि तबलजी समोरच्या गायकाकडे बघत ठेका धरतो. या सवयीमुळे पहिले काही दिवस तरी गोंधळ कमी होतो, असं मला दिसत आलं आहे. पुढे सराव करणारे सगळेच एका पातळीला येतात.

अमेरिकेत लॅप्रोस्कोपीच्या पायाभूत कौशल्यांची जी परीक्षा असते, तिच्यात हाताची पाच कामं आहेत. पहिलंच काम म्हणजे छोट्या वस्तू एका उपकरणाने उचलून अधांतरी दुसऱ्यात द्यायच्या, खुंटीवर ठेवायच्या, मग सगळं उलट हाताने करायचं. दोन्ही हातांची परीक्षा आधी, बाकीचं नंतर.

रियाज आणि टाक्यांचा सराव यांत खरंच साम्य आहे, की नुसती बोलायची गोष्ट?

या उत्तराला थोडा वेळ द्या, कारण मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे.

तबल्याचा कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची बांधलेली रचना, शिकवताना गुरुजी तो आधी विलंबित, म्हणजे संथ लयीत घेतात. बोल स्वच्छ निघेपर्यंत दुगुन, म्हणजे दुप्पट लय, नाही. दुगुनीत एखादा बोल घसरला की पुन्हा ठाय, म्हणजे मूळची संथ लय. घसरलेली जागा वेगळी काढायची, तेवढीच घोटायची, मग कायद्यात परत बसवायची. घाई करणाऱ्याचा हात बिघडतो आणि बिघडलेला हात सुधारायला नव्याने शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो, हे प्रत्येक क्लासात ऐकायला मिळतं.

आता वॉर्डातलं चित्र बघा. मुलं कॉटच्या दांडीला रेशमी दोरा बांधून गाठी मारत बसतात आणि मिनिटाला किती झाल्या ते मोजतात. दुसरा फेर पहिल्याच्या उलट दिशेने पडायला हवा, नाहीतर गाठ सरकते. वेगाच्या नादात दोन्ही फेर एकाच दिशेने पडतात आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. तबला शिकलेला मुलगा इथे थांबतो. फेर पुन्हा टाकून बघतो, दोरा सपाट बसला का ते तपासतो. हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हा योगायोग नाही. विचारपूर्वक सरावाचा जो सिद्धान्त आज शस्त्रक्रिया शिकवणारे सगळीकडे मांडतात, तो मुळात वादकांकडूनच आला आहे. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास करून १९९३ मध्ये तो मांडला. नुसते तास भरणं म्हणजे सराव नव्हे, ठरवून एक उणीव घ्यायची, तिच्यावर काम करायचं आणि लगेच कुणीतरी चूक-बरोबर सांगायचं, असा त्याचा गाभा आहे. पुढे एरिक्सननी हेच वैद्यकीय शिक्षणाला लावून दाखवलं. आपल्याकडे याला रियाज म्हणतात आणि त्यासाठी समोर गुरू लागतो, हे कुणाला नव्याने सांगायला नको.

दुसरा धडा रोजच्या नियमाचा. २००६ मध्ये ३८ कनिष्ठ निवासी डॉक्टरांना बारीक रक्तवाहिन्या जोडायला शिकवलं गेलं. एका गटाला सगळी सत्रं एकाच दिवसात, दुसऱ्याला आठवड्याला एक अशी चार आठवड्यांत. शिकवणं तेच, वेळ तेवढाच. महिन्यानंतर परीक्षा घेतली तेव्हा आठवड्या-आठवड्याने शिकलेल्यांचे हात सरस ठरले. परीक्षेच्या आदल्या रात्री चार तास बसून संगीताची मध्यमा परीक्षा पास होणारा मला अजून भेटलेला नाही. टाक्यांचं तसंच आहे. स्किल लॅबमध्ये एकाच दुपारी चाळीस टाके घालण्यापेक्षा रोज चार घातलेले बरे.

‘पढंत’ करून सर्जरी शिकता येते का?

काही प्रमाणात, हो. तबल्यात बोल आधी तोंडाने म्हणायचे, हाताने टाळी-खाली दाखवायची आणि मग वाद्याला हात लावायचा, ही पद्धत फार शहाणपणाची आहे. १९९५ मध्ये काही लोकांना पियानोवर पाच बोटांचा एक सराव दिला गेला. पाच दिवस, रोज दोन तास. एका गटाने प्रत्यक्ष वाजवलं, एकाने फक्त मनात वाजवलं. मनात वाजवणाऱ्यांच्या मेंदूतल्या हालचालींच्या नकाशातही बदल दिसले. प्रत्यक्ष वाजवणारे अर्थातच जास्त बिनचूक वाजवू लागले.

शस्त्रक्रियेत याचीच चाचणी लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या मंडळींनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. आभासी लॅप्रोस्कोपी यंत्रावर पित्ताशय काढण्याआधी नवशिक्यांच्या एका गटाने मनातल्या मनात ती शस्त्रक्रिया पायरीपायरीने केली. त्यांचं काम दुसऱ्या गटापेक्षा चांगलं झालं.

माझ्या विद्यार्थ्यांना मी हात धुताना पायऱ्या मोठ्याने म्हणायला लावतो. हर्नियाचं ऑपरेशन असेल तर छेद कुठे, कोणता थर, कोणती नस जपायची, जाळी कुठे, कोणता धागा. जिथे जीभ अडखळते तिथेच पुढे हात अडखळतो, आणि ते टेबलाजवळ जाण्याआधी कळलेलं केव्हाही चांगलं.

गुरूची गरज सर्जनला कधीपर्यंत असते?

अमेरिकेतले सर्जन आणि लेखक अतुल गावंडे यांचं कुटुंब मूळचं आपल्या विदर्भातलं, त्यामुळे ते नाव आपल्याला जवळचं वाटतं. अनुभवी सर्जन झाल्यावर त्यांनी आपल्या एका जुन्या शिक्षकांना ऑपरेशन थिएटरात बोलावून नुसतं बघायला सांगितलं, आणि त्याबद्दल २०११ मध्ये लिहिलं. त्याच लेखासाठी त्यांनी व्हायोलिनवादक इत्झाक पर्लमन यांना विचारलं होतं, तुम्हाला कुणी टोकणारं आहे का? पर्लमन यांची पत्नी टोबी, तीही व्हायोलिनवादक, कार्यक्रमात बसून ऐकायची आणि नंतर त्रुटी सांगायची.

आपल्या बैठकीत पन्नाशीचा गायकही गुरूसमोर तंबोरा घेऊन बसतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. वैद्यकीय क्षेत्रात पदवी हातात पडली की टोकणं थांबतं. ही उणीव मला मनापासून खुपते. संगीतातून एकच गोष्ट उचलायची झाली, तर मी हीच उचलेन.

कान तयार असल्याचा काही फायदा?

आहे. रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राचा टिकटिक आवाज पातळी घसरली की खालच्या सुरात जातो. मान खाली घालून काम करणाऱ्याला पडद्याकडे न बघता हा फरक टिपता आला पाहिजे. सुरात वाढलेल्या कानाला त्यासाठी वेगळं लक्ष द्यावं लागत नाही.

छाती बोटांनी ठोकून तपासण्याची पद्धत १७६१ मध्ये मांडणारे ऑएनब्रुगर संगीतातले जाणकार होते. त्यांनी एका ऑपेराची संहिताही लिहिली. १८१६ मध्ये स्टेथोस्कोप करणारे लेनेक बासरी वाजवायचे, आणि त्यांचं ते पहिलं उपकरण होतं एक पोकळ नळी. बोटांखाली घुमतंय की बद्द वाजतंय, हे मृदंगावर हात ठेवलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

ऑपरेशन चालू असताना गाणी लावतात, त्याचाही असाच उपयोग होतो का?

तो विषय वेगळा आहे. ऐकणं वेगळं, शिकणं वेगळं. १९९४ मध्ये पन्नास सर्जनांवर प्रयोगशाळेत एक चाचणी झाली. त्यांना ताण देणारी आकडेमोड करायला लावली. आवडीचं संगीत लावलं तेव्हा ताण कमी होता आणि काम जास्त बिनचूक झालं. पण ती आकडेमोड होती, शस्त्रक्रिया नव्हे. थिएटरात भूलतज्ज्ञाला आणि परिचारिकेला एकमेकांचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं पाहिजे, त्यापुढे सर्जनच्या आवडीला महत्त्व नाही.

मोठे सर्जन संगीतकार होते अशी उदाहरणं आहेत का?

थिओडोर बिलरोथ. जठराच्या शस्त्रक्रियेत त्यांचं नाव पाठ केल्याशिवाय कुणी उत्तीर्ण होत नाही. १८८१ मध्ये व्हिएन्नात त्यांनी कर्करोग झालेला जठराचा भाग यशस्वीपणे काढला. ते पियानो आणि व्हायोला वाजवत. संगीतकार ब्राम्स त्यांचे जवळचे मित्र, त्यांनी दोन चतुर्वाद्य रचना बिलरोथना अर्पण केल्या. संगीताची जाण म्हणजे काय, यावर बिलरोथ शेवटच्या काळात लिहीत होते, ते मृत्यूनंतर छापलं गेलं. एका माणसावरून नियम काढू नये. तरी हे उदाहरण मला आवडतं, कारण त्यांनी दोन्ही कामं सारख्याच गांभीर्याने केली.

कोणतं वाद्य निवडावं?

मुलाला जे आवडेल ते. दोन हातांना वेगळं काम देणारं वाद्य असेल तर हाताची तयारी जास्त होईल, एवढंच म्हणता येईल. तबला, पेटी, सतार, व्हायोलिन, बासरी, सगळीच चालतील. पंढरपूरकडच्या गावांत मुलं देवळात बसून भजनी ठेक्यावर पखवाज शिकतात. शहरातल्या महागड्या क्लासपेक्षा ते रतीभरही कमी नाही.

मी गाणं शिकले, वाद्य नाही. मला काही फायदा?

बोटांना नाही. शिकण्याच्या सवयीला पूर्ण.

आमच्या घरात संगीत नाही. आई विड्या वळते, वडील मागावर आहेत. मी मागे पडेन का?

अजिबात नाही. या प्रश्नाचं उत्तर सोलापूरइतकं दुसऱ्या कुठल्या गावाला नीट देता येणार नाही.

लंडनमध्ये शस्त्रक्रिया-शिक्षणाचे प्राध्यापक असलेले रॉजर नीबोन यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे काळजी व्यक्त केली होती. आजचे विद्यार्थी अभ्यासात हुशार आहेत, पण कापणं, शिवणं, हाताने वस्तू घडवणं हे त्यांच्या बालपणातून गेलं आहे, आणि ते टाके घालताना दिसतं. शस्त्रक्रियेचं हस्तकौशल्य समजून घ्यायला ते शिंपी, विणकर, वादक अशा कारागिरांबरोबर बसले.

सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, हे बालपण अजून पुरतं गेलेलं नाही. मागावर धागा तुटला की तो शोधून बोटांच्या टोकांनी गाठ मारायची आणि शेपूट कापून माग पुन्हा सुरू करायचा, हे तिथल्या मुलांनी लहानपणापासून बघितलेलं असतं. गाठ मोठी झाली तर कापडात दिसते, सैल राहिली तर पुन्हा तुटते. विडी वळणाऱ्या बाईची बोटं पान कापतात, तंबाखू सारखी पसरतात, वळतात आणि बारीक दोऱ्याने बांधतात, तेही शेजारणीशी बोलता बोलता. ही बोटं टीव्हीवरच्या कुठल्याही कलाकाराच्या तोडीची आहेत. अशा घरातली मुलं मेडिकलला येतात तेव्हा इंग्रजीच्या धास्तीने गप्प असतात आणि हातात धागा आला की खुलतात. घरचं काम सांगायला संकोच करू नका. आईकडून दोरा बांधायची लकब शिकून या आणि वर्गातल्या सगळ्यांना दाखवा.

मोबाइल गेम खेळूनही हात तयार होतो म्हणतात. ते?

२००७ मध्ये ३३ सर्जनांवर झालेल्या अभ्यासाचा हवाला मुलं देतात. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त व्हिडिओ गेम खेळलेल्यांनी लॅप्रोस्कोपीच्या सरावात ३७ टक्के कमी चुका केल्या आणि ते २७ टक्के जलद होते. इथेही कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे सुटत नाही. आणि गेममध्ये चुकलं की डाव पुन्हा सुरू होतो, समोर बसून ‘थांब, मनगट बघ’ म्हणणारं कुणी नसतं.

मुलगी अकरावीला आहे, नीटची तयारी चालू आहे. तबला बंद करावा का?

प्रवेश परीक्षेत तबल्याला गुण नाहीत, तेव्हा वेळेची ओढाताण समजू शकते. परीक्षेची मध्यमा किंवा विशारद पुढे ढकला, हरकत नाही. रोजची वीस मिनिटं मात्र काढून घेऊ नका. सर्जन होण्यासाठी उपयोगी म्हणून नव्हे, तिला आवडतं म्हणून. जे मूल फक्त पुढच्या फायद्यासाठी वाद्याला बसवलं जातं त्याचा रियाज कधी रियाज होत नाही, आणि मग वर सांगितलेलं काहीच लागू पडत नाही. याच कारणासाठी, ‘डॉक्टर व्हायचंय म्हणून तबला लावा’ हेही कृपा करून करू नका.

मी एमबीबीएसला आहे, वाद्य येत नाही. रियाजाच्या पद्धतीने टाके शिकायचे तर रोज काय करू?

आता वाद्य शिकायला धावू नका, तो वेळ थेट टाक्यांना द्या. रोज पंधरा मिनिटं, शक्यतो ठरलेल्या वेळी. पहिली पाच मिनिटं दोन हातांची गाठ, अगदी सावकाश, प्रत्येक फेर सपाट बसला का ते बघून. पुढची पाच मिनिटं फक्त डाव्या हाताने एकहाती गाठ. ती वाईट येईल आणि यायलाच हवी. शेवटची पाच मिनिटं फोमच्या तुकड्यावर किंवा केळीच्या सालीवर टाके. सुई काटकोनात आत जायला हवी, मनगट फिरवून बाहेर यायला हवी, दोन्ही बाजूंचं अंतर सारखं पडायला हवं. साल फाटली तर दाब जास्त झाला. एका दिवशी एकच उणीव घ्या आणि वहीत लिहा. आठवड्यातून एकदा वरिष्ठ निवासी डॉक्टरला समोर बसवून दाखवा. कुणी नाहीच मिळालं तर मोबाइलवर हातांचं चित्रण करून स्वतः बघा.

मनगट किंवा अंगठा दुखू लागला की थांबा. दुखऱ्या हाताने वाजवून वादकांनी हात गमावले आहेत. मान आणि पाठ ताठ ठेवून बसा, टेबल कोपराच्या उंचीला घ्या. सुई-धागा स्किल लॅबमधून रीतसर मागून घ्या, मुदत संपलेले धागे सरावाला चालतात. वापरलेली सुई थिएटरातून खिशात घालून कधीही आणू नका, आणि घरी सराव झाल्यावर सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात जमा करून सिव्हिलमध्ये धारदार कचऱ्याच्या डब्यात टाका.